प्रश्न तुमचे: पॅराग्लायडिंग शिकायला जाताना

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की या सदराकडे पॅराग्लायडिंगचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी नाशिक शहर, सिन्नर, येवला आणि ओझरहून आलेल्या पत्रांमधले काही निवडले आहेत. सारख्या प्रश्नांचं उत्तर एकत्र दिलं आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

दिवाळीत चार दिवस मोकळे आहेत. तेवढ्यात एकट्याने उडण्याइतकं शिकून होतं का? आणि कामशेत बरं की बीर-बिलिंग?
— गोविंदनगर, नाशिक

वारा नीट मिळाला तर चार दिवसांत तुम्ही एकटे उडाल, पण छोट्या उतारावरून आणि कानातल्या रेडिओवर इन्स्ट्रक्टर सांगेल तसं. आपल्याकडच्या बहुतेक शाळा पी-१, पी-२, पी-३ अशा पायऱ्या ठेवतात. पी-१ साधारण तीन दिवसांचा असतो: ग्लायडरचे, म्हणजे कापडी पंखाचे, भाग, जमिनीवर तो फुगवणं, डोक्यावर धरणं, पळणं, आणि उतारावरून काही मीटर उंचीची लहान उड्डाणं. पी-२ ला आणखी तीन-चार दिवस लागतात. त्यात उंच डोंगरावरून टेकऑफ, दोन्ही बाजूंना वळणं आणि ठरलेल्या जागी लँडिंग येतं. डोंगराच्या उताराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत राहणं हा त्याच्या पुढचा भाग. चार दिवसांत पी-१ आणि पी-२ दोन्ही बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर वारा पडला किंवा जास्त झाला तर काय करणार, हे त्याला आधी विचारा. चारातला एखादा दिवस वारा खातोच. त्यामुळे सुट्टीला एक दिवस जोडता आला तर बघा.

पहिल्या शिक्षणासाठी नाशिककराला कामशेत सोयीचं. तिथे टॉवर हिल, शिंदेवाडी असे वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले सराव-डोंगर आहेत. वाऱ्याची दिशा बघून शाळा डोंगर बदलते. हंगाम ऑक्टोबर ते मे. गाडीने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण, तळेगाव असा रस्ता. रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून कल्याण, तिथून लोणावळा आणि पुढे पुणे लोकलने कामशेत. सकाळचं सत्र लवकर सुरू होतं, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाला पोचणंच बरं.

बीर-बिलिंग हे हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं ठिकाण मोठं आहे यात वाद नाही. २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला. पण बिलिंगचा टेकऑफ सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि खालचं बीर त्याच्या जवळजवळ एक किलोमीटर खाली. २,४०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण वीस टक्के विरळ असते. ग्लायडरला उचलण्यासाठी तेवढीच हवा पंखावरून जायला हवी, म्हणून प्रत्यक्ष वेग दहा-बारा टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि टेकऑफला जास्त पळावं लागतं. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाशात गर्दी असते. दुपारी धौलाधारच्या उतारांवर उठणारे थर्मल, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेचे झोत, अनुभवी माणसासाठी मेजवानी असतात, नवशिक्यासाठी मार. तिथे पहिल्यापासून शिकवणाऱ्या शाळाही आहेत, त्या सराव खालच्या छोट्या उतारांवर घेतात. पण मग त्यासाठी पठाणकोटपर्यंत रेल्वे आणि पुढे चार-पाच तास रस्ता कशाला? कामशेतला पी-२ झाल्यावर बीरला जा. जाल तेव्हा १५ जुलै ते १५ सप्टेंबर टाळा, पावसाळ्यामुळे हिमाचलात त्या काळात उड्डाणबंदी असते.

टँडममध्ये, म्हणजे दोघांच्या ग्लायडरवर, इन्स्ट्रक्टरच्या पुढे बसून केलेल्या उड्डाणाने शिक्षणाचा एकही दिवस वाचत नाही. मजा म्हणून जरूर करा.

आपल्याकडे डोंगरांना काय कमी? अंजनेरी, रामशेज, पांडवलेणी सोडून दोनशे किलोमीटर कशाला जायचं?
— गंगापूर रोड, नाशिक

डोंगर आहे म्हणजे उडायची जागा आहे, असं होत नाही. उडायला गवताळ, वाऱ्याकडे तोंड केलेला, २० ते ३० अंशांचा मोकळा उतार लागतो आणि खाली निवांत उतरण्याजोगं मैदान. आपल्याकडचे डोंगर बहुतेक कातळकड्यांचे. सपाट माथा, मग एकदम कडा. कड्याच्या काठावर वारा उभा वर चढतो आणि माथ्यावर आला की मागे गोल फिरतो. टेकऑफसाठी पसरलेला ग्लायडर नेमका त्या भोवऱ्यात असतो. काठावर पाच पावलं पुढे शांत वाटणारा वारा पाच पावलं मागे उलट्या दिशेने वाहताना सापडतो.

खाली उतरायचं म्हटलं तर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागा. वरून हिरवीगार गादी दिसते. पानांखाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचा मांडव असतो. ताशी तीस किलोमीटरने त्यात उतरणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा तर वरून दिसतच नाहीत, फक्त खांब दिसतात. म्हणून दोन खांबांमध्ये तार आहे असंच धरून चालायचं.

परवानगीचा भाग वेगळाच. अंजनेरी हे गिधाडांमुळे संरक्षित केलेलं राखीव क्षेत्र आहे. देवळालीला तोफखान्याचा फायरिंग रेंज, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, ओझरला विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना. या आकाशात स्वतःच्या मनाने उडणं हा गुन्हाही आहे आणि वेडेपणाही.

आम्ही येवल्याचे. संक्रांतीचे तीन दिवस गच्चीवरून उतरत नाही. पतंगाचा हात पॅराग्लायडिंगला कामी येतो का?
— येवला

जमिनीवरच्या सरावात नक्कीच येतो. झोत येण्याआधी दोरी कशी जड होते, कधी ढील द्यायची, कधी ओढायचं, हे आसारी (मांजाची फिरकी) धरणाऱ्या हाताला शिकवावं लागत नाही. ग्राउंड हँडलिंगमध्ये ग्लायडर डोक्यावर धरायचा तो याच हाताने, डोळ्याने नव्हे.

पण हवेत गेल्यावर पतंगाचं गणित डोक्यातून काढून टाका. पतंग जमिनीला बांधलेला असतो, म्हणून त्याला लागणारा वारा म्हणजे जमिनीवरचा वारा. ग्लायडर हवेबरोबर वाहतो. त्याला समोरून लागणारी हवा त्याच्या स्वतःच्या वेगाची, शिकाऊ ग्लायडरला साधारण ३५ ते ३८ किलोमीटर ताशी, मग तुम्ही वाऱ्याकडे तोंड करून जा की पाठ. बदलतो तो जमिनीवरून पळण्याचा वेग. १५ किलोमीटरचा वारा असेल तर समोरून जाताना खालची जमीन २२ च्या वेगाने सरकते, पाठीवर घेतलात तर ५२ ने. पाठीवर वारा घेऊन वळलेल्या नवशिक्याला जमीन झपाट्याने पळताना दिसते, ‘वेग फार झाला’ म्हणून तो ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणाऱ्या हातातल्या दोऱ्या, ओढत जातो आणि ग्लायडर स्टॉल करतो, म्हणजे पंखावरची हवा तुटून तो खाली पडतो. हवेत वेग कानावरच्या वाऱ्याने आणि हातावरच्या ब्रेकच्या ताणाने ओळखायचा.

आणखी एक: संक्रांतीच्या आसपास उडताना नायलॉन मांजा गावाजवळच्या झाडांवर, तारांवर अडकलेला असतो. लँडिंगच्या मैदानावर तो आहे का, ते चालत जाऊन बघा.

पी-१ केलं. पुढे तोंड करून टेकऑफ घेताना ग्लायडर दर वेळी डावीकडे कलंडतो. दोनदा तर डोक्यावरून पुढे येऊन समोर पडला. इन्स्ट्रक्टर नुसतं ‘पळ, पळ’ ओरडतात. चुकतंय काय?
— इंदिरानगर, नाशिक

‘पळ’ हे बरोबरच आहे, पण ते उत्तराचा शेवटचा चतकोर आहे. आधीचं असं.

ग्लायडर पसरताना तो सरळ रेषेत ठेवू नका. पुढची कड, जिथे हवा शिरायची तोंडं असतात, ती कमानीसारखी ठेवा, मध्य सर्वांत वर. म्हणजे मधल्या दोऱ्या आधी ताणल्या जातात, मधले कप्पे आधी भरतात आणि टोकं मागून येतात. पंखाच्या मध्यावर बहुतेक कंपन्यांनी खूण केलेली असते. तुमची पाठ त्या खुणेच्या बरोबर समोर हवी. अर्धा मीटर जरी उजवीकडे उभे राहिलात तरी एका बाजूच्या दोऱ्या आधी ताणल्या जातात आणि ती बाजू आधी उठते.

नेहमी एकाच बाजूला कलंडत असेल तर संशय हातावर घ्या. उजव्या हाताचा माणूस नकळत उजवा ए-रायझर, म्हणजे पुढच्या दोऱ्या ज्याला जोडलेल्या असतात तो पट्टा, जास्त ओढतो. उजवी बाजू आधी चढते, ग्लायडर डावीकडे जातो. त्यावर उपाय सोपा आहे: ए-रायझर मुठीत आवळू नका, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ठेवा आणि ओढायचं काम छातीला करू द्या. हात मागे, कोपर सरळ, छाती पुढे झुकलेली. हाताने खाली खेचलं की पुढची कड वाकते आणि कप्प्यांची तोंडं मिटतात. दुसरा संशय वाऱ्याच्या दिशेवर. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, उजवीकडून तिरपा असेल तर अख्खी मांडणी त्या दिशेला फिरवा. स्वतःला वळवून काही होत नाही.

कलंडायला लागलाच तर ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला, त्याच्या खाली जा, आणि वरच्या बाजूचा ब्रेक हलकासा लावा. तुमच्या बाबतीत म्हणजे डावीकडे दोन पावलं आणि उजवा ब्रेक. बहुतेकजण नेमकं उलटं करतात, त्याला ओढून सरळ करायला विरुद्ध बाजूला पळतात.

पुढे येऊन पडण्याचं कारण: ए-रायझर फार जोरात आणि फार वेळ ओढले. ग्लायडर साधारण दोन तृतीयांश चढला की ते सोडायचे. हातावरचा भार हलका होतो, तीच सोडायची वेळ. नंतर दोन्ही ब्रेकचा एक छोटा झटका, म्हणजे तो डोक्यावर थांबेल, आणि लगेच ब्रेक पुन्हा वर. उलट तो मागे ४५ अंशांवर अडकून राहत असेल तर एक तर ए-रायझर लवकर सुटले, किंवा ब्रेक नकळत खाली धरून ठेवलेत.

मग वर बघा: पंख पूर्ण उघडला का, दोरीत गाठ किंवा काडी अडकली का. एखाद-दोन सेकंदांचं काम. ठीक नसेल तर दोन्ही ब्रेक पूर्ण खाली आणि थांबा. ठीक असेल तर पळा, आणि पाय हवेत लोंबकळू लागले तरी पळत राहा. इथे सर्वांत सामान्य चूक म्हणजे उडी मारून हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या आसनात, बसणं. उडी मारताच दोऱ्यांवरचा भार क्षणभर जातो, ग्लायडर खाली बसतो आणि तुम्ही ढुंगणावर दगडात. हार्नेसमध्ये बसायचं ते उतारापासून चांगलं दूर गेल्यावर, आणि तेव्हाही ब्रेक हातातून सोडायचे नाहीत.

दिवसभरात पाच टेकऑफ होतात, पण सपाट मैदानावर दोन तासांत ग्लायडर पन्नास वेळा उचलता येतो. ताशी १२ ते १८ किलोमीटरच्या सरळ वाऱ्यात, ग्लायडरकडे तोंड करून. शाळेकडे तेवढा वेळ मागून घ्या.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, जायचा हट्ट धरून बसलाय. आकाशात ते कापड मिटलं तर?
— ओझर

काळजी रास्त आहे, म्हणून नीट सांगतो. ग्लायडरमध्ये कुठलीही चौकट नसते. पुढच्या तोंडांतून शिरलेली हवा कप्प्यांमध्ये दाब धरते आणि त्यानेच पंखाला आकार येतो. खळबळीच्या हवेत, विशेषतः डोंगराच्या आडोशाच्या बाजूला किंवा भर दुपारच्या थर्मलमध्ये, एक बाजू मिटू शकते. शाळेत दिला जाणारा ग्लायडर ईएन-ए, म्हणजे युरोपीय मानकातल्या सर्वांत सुरक्षित, वर्गाचा असतो. या वर्गाची चाचणीच अशी की मुद्दाम एक बाजू मिटवली तर वैमानिकाने काही न करता तो आपोआप उघडला पाहिजे आणि तोवर फार वळता कामा नये. वैमानिकाने करायचं ते इतकंच: शरीराचा भार उघड्या बाजूला, त्या बाजूचा ब्रेक हलका, दिशा डोंगरापासून दूर. याच्यावरचे बी, सी, डी वर्ग वेगवान आणि हट्टी होत जातात, सी आणि डी तर शिकणाऱ्यासाठी नाहीतच.

पण शिकताना होणारे अपघात बहुतेक टेकऑफ आणि लँडिंगला, जमिनीजवळ होतात; घोटा मुरगळतो, मनगट मोडतं. सर्वांत भयंकर चूक तर जमिनीवरच होते: मांड्यांचे पट्टे न लावता उडणं. ब्रेक जुळवायला, फोटो काढायला पट्टे काढले जातात आणि लावायचे राहतात. हवेत गेल्यावर माणूस काखेतल्या पट्ट्यांवर लोंबकळतो आणि खाली निसटतो. मुलाला हा क्रम पाठ करायला लावा: हेल्मेट आधी, मग मांडीचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर (ग्लायडर हार्नेसला जोडणारी कडी) बंद, रायझर सरळ, दोऱ्या मोकळ्या, पंख उघडा, वारा, समोरचं आकाश. काढताना मांडीचे पट्टे सगळ्यात शेवटी.

अठरा पूर्ण नसतील तर शाळा पालकांची लेखी संमती मागते. न मागणाऱ्या शाळेत पाठवू नका.

वजन ९४ किलो, गुडघे थोडे कुरकुरतात. चालेल का?
— नाशिकरोड

वजन चालेल, ग्लायडर तेवढा हवा. प्रत्येक ग्लायडरवर वजनाची कक्षा छापलेली असते आणि ती तुमच्या अंगाच्या वजनाची नसते. कपडे, बूट, हेल्मेट, हार्नेस, रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) आणि खुद्द ग्लायडर मिळून चौदा-सोळा किलो वाढतात. तुमची बेरीज ११० च्या आसपास जाईल. तेव्हा नावनोंदणी करताना ‘एकूण ११० किलोच्या कक्षेत बसणारा ईएन-ए आहे का’ असंच विचारा. लहान ग्लायडर दिला तर तो जास्त वेगाने पळेल, लवकर खाली येईल आणि लँडिंगचा सगळा मार गुडघ्यांवर. ४८-५० किलोच्या वाचकांना याच्या उलट त्रास: मोठा ग्लायडर वाऱ्यात फरफटत नेतो.

गुडघ्यांना खरा ताण उडताना नाही, तर बारा-पंधरा किलोचं गाठोडं खांद्यावर टाकून दिवसातून अनेकदा उतार चढण्याचा. जायच्या महिनाभर आधी पांडवलेणीच्या पायऱ्या दहा किलोची पिशवी घेऊन चढून बघा. उतरताना गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टर.

लँडिंगला दर वेळी पाठीवर पडतो.
— सातपूर, नाशिक

ब्रेक फार वर असताना ओढताय. तीन मीटरवर पूर्ण ओढलेत तर ग्लायडर तिथेच थांबतो आणि तुम्ही मागे पडता. दहा-पंधरा मीटरवरच हार्नेसमधून पाय खाली काढून उभे व्हा, हात वर ठेवून पुरता वेग येऊ द्या, वाऱ्याकडे तोंड. छातीएवढी उंची राहिली की दोन्ही ब्रेक एका सलग ओढीत खाली. नजर पायांखाली नको, वीस-तीस मीटर पुढे. खाली बघितलं की हात आपोआप लवकर खाली जातात. आणि उंची जास्त राहिली म्हणून शेवटच्या क्षणी वळू नका. मैदान ओलांडून पुढच्या वावरात उतरलेलं परवडतं.

इंटरनेटवर जुना ग्लायडर हार्नेससकट स्वस्तात मिळतोय. मालक म्हणतो फक्त पाच वर्षं जुना, जास्त वापरला नाही. घेऊ का?
— सिन्नर

पी-३ होईपर्यंत शाळेचंच सामान वापरा. त्यानंतरही वर्षांवर जाऊ नका, तास विचारा, आणि ऊन किती खाल्लं ते विचारा. कापड रिपस्टॉप नायलॉनचं असतं, त्यावरचा लेप उन्हाने जातो आणि त्यातून हवा झिरपू लागते. हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला पोरोसिटी, म्हणजे हवा झिरपण्याचं प्रमाण, मोजण्याचं यंत्र लागतं. त्याचा कागद मागा.

दोऱ्यांचा प्रश्न जास्त नाजूक. बहुतेक भार पुढच्या दोऱ्यांवर असतो, त्या तशाच राहतात. मागच्या, कमी भाराच्या दोऱ्या ओलावा आणि काळाने आखडतात. एक-दोन सेंटीमीटर आखडल्या तरी पंख कायम थोडा ब्रेक लावल्यासारखा उडतो. जमिनीवर तो उशिरा चढतो, हवेत संथ होतो आणि स्टॉलच्या जवळ राहतो. ‘फार शांत ग्लायडर आहे’ असं मालक सांगत असेल तर हेच नसेल ना, ते बघा. दोऱ्यांची लांबी कंपनीच्या तक्त्याशी मोजून घेतलेली हवी.

रिझर्व्ह पॅराशूट वर्षातून किमान एकदा उघडून, हवा देऊन पुन्हा घडी घातलेलं असलं पाहिजे. पाच वर्षं हार्नेसमध्येच दाबून ठेवलेलं रिझर्व्ह उघडायला उशीर करतं, आणि ते उघडायला वेळ असतो तो मोजका.

घेतलात तर गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात नाशिकच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. आणि घडी घालण्याआधी कप्पे झटका. आत राहिलेला एखादा नाकतोडा कापडाला भोक पाडू शकतो.

कपडे, बूट काय घ्यावेत? चष्मा चालतो का?
— अनेक वाचक

घोटा झाकणारे बूट, पण लेस अडकवायचे आकडे नसलेले. त्या आकड्यांत ग्लायडरच्या दोऱ्या अडकतात. पूर्ण बाह्या, जाड पँट, पातळ हातमोजे. चष्म्याला मागून दोरी. हिवाळ्यात कामशेतच्या उतारांवर कुसळं असतात, ती सुती मोज्यात घुसली की दिवसभर टोचतात. गुळगुळीत कापडाची पँट आणि तिच्यावरून घोट्याला पट्टी, एवढ्याने निभतं.

शाळा चांगली आहे हे कसं ओळखायचं? विम्याचं काय?
— कॉलेज रोड, नाशिक

फोनवरच चार गोष्टी विचारा. इन्स्ट्रक्टरचा परवाना कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या पातळीचा? एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? टेकऑफला आणि लँडिंगला, दोन्हीकडे रेडिओ घेतलेला माणूस असतो का? नवशिक्यांना वाऱ्याची मर्यादा किती? चौथ्याला आकडा आला पाहिजे, साधारण वीस किलोमीटर ताशी किंवा कमी. ‘बघून ठरवतो’ हे उत्तर पुरेसं नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १० चा वारा २० झाला की ग्लायडर चौपट ताकदीने ओढतो. तिथे गेल्यावर तुम्हालाही ताडता येईल. पानं आणि बारीक फांद्या हलत असतील तोवर ठीक. धूळ आणि कागद उडायला लागले तर वीस ओलांडले. तरीही पैसे घेतलेत म्हणून विद्यार्थ्यांना उडवणारी शाळा असेल तर तुम्ही उडू नका.

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्र बघायला मागा, लाजू नका.

विम्याबद्दल: तुमची नेहमीची आरोग्य किंवा अपघात पॉलिसी काढून ‘वगळलेल्या बाबी’ हा भाग वाचा. साहसी खेळ तिथे बरेचदा असतात. असतील तर जोडविमा मिळतो का ते एजंटाकडून लेखी घ्या, आणि ते निघण्याआधी; कामशेतला पोचल्यावर नाही.